घरासाठी दगडी फरशी : माल कसा पारखावा, वखारवाला कसा निवडावा?

धोमकाठ

नमस्कार मंडळी.

वाईजवळ घराचं काम चालू आहे. आतला गिलावा संपत आलाय आणि आता गाडी फरशीपाशी अडलीय. तळमजला साधारण ११०० चौरस फूट, वर दोन खोल्या आणि गच्ची, पुढे अंगण, मागे धुण्याची मोरी. कॉन्ट्रॅक्टरचं एकच पालुपद : व्हिट्रिफाइड टाका, आठवड्यात मोकळे व्हा. आईला ते अजिबात नको. तिचं म्हणणं, त्या चकचकीत लादीवर सांडलेलं पाणी दिसत नाही, आणि या वयात एकदा पाय घसरला की संपलं. मलाही दगडच हवाय. जुन्या घरातली शहाबादी आजोबांच्या काळची आहे आणि आजही तिच्यावर बिनधास्त गहू वाळत घालतो.

कात्रज-कोंढवा रस्त्यावरच्या वखारी पालथ्या घातल्या, साताऱ्यातही विचारलं. कोटा म्हणून दाखवलेल्या मालाचे दर एका ठिकाणी दीडपट, एका ठिकाणी निम्मे. प्रत्येकाचा माल "एक नंबर". शहाबाद, तांदूर, कोटा, कडप्पा, जैसलमेर, ग्रॅनाइट यांतलं कुठे काय वापरावं, चांगला माल ओळखावा कसा आणि विक्रेत्यावर भरवसा कशाच्या जोरावर ठेवावा, एवढं जाणकारांनी सांगावं. देवघरात पांढरा संगमरवर घालायचाही विचार आहे.

---

नाठाळ

व्हिट्रिफाइड टाका. विषय संपला. दगड म्हणजे दर काही वर्षांनी पॉलिशवाला बोलवा, धूळ खा, पैसे द्या. (हलकेच घ्या.)

---

ओळंबा

धोमकाठ, नाठाळांकडे तूर्त दुर्लक्ष करा, त्यांची लादी त्यांना लखलाभ.

दरातल्या तफावतीचं कोडं आधी सोडवू. कोट्याचा दर विचारताना जाडी, कटाई, पॉलिश आणि मोजणी हे चार शब्द उच्चारले नाहीत तर समोरचा हवा तो आकडा सांगू शकतो, आणि तो खोटंही बोलत नसतो. कोणी १८-२० मिलिमीटरचा पातळ माल सांगतो, कोणी २५ मिलिमीटरचा. कोणाच्या मालाच्या कडा यंत्रावर काटकोनात कापलेल्या, कोणाच्या नुसत्या फोडलेल्या. एका बाजूने पॉलिश करून आलेला माल महाग, पण बिनपॉलिश घेतलात तर बसवल्यावर घरातच घासावा लागतो, तो खर्च वेगळा. म्हणजे स्वस्त दिसणारा दर शेवटी महाग पडू शकतो आणि उलटही.

आता मोजणी. कोट्याची "दोन बाय दोन" म्हणून विकली जाणारी लादी बहुतेक वेळा प्रत्यक्षात २२ इंच बाय २२ इंच भरते. तिचं क्षेत्रफळ ३.३६ चौरस फूट. वखारवाल्याने ती ४ चौरस फूट धरून बिल केलं तर तुम्ही १६ टक्के हवा विकत घेतलीत. मापात पाप म्हणतात ते हेच. सगळेच असं करतात असं नाही, बरेच जण प्रत्यक्ष मापानेच देतात. म्हणून पहिल्या भेटीत टेप काढायचा, त्याच्यासमोर लादी मोजायची आणि विचारायचं, "बिल कोणत्या मापाने?" एवढ्या प्रश्नावर माणूस कसा वागतो त्यावरून निम्मी पारख होते.

आणखी एक. २५ मिलिमीटर कोटा किंवा शहाबाद चौरस फुटाला साधारण सहा किलो भरतो. तुमच्या तळमजल्याचा माल जवळजवळ सात टन होईल. तळमजल्याला काही फरक पडत नाही, पण वरच्या खोल्यांना पडतो. दगड आणि खालचा ४० मिलिमीटरचा सिमेंट-वाळूचा माल मिळून चौरस मीटरला दीडशे किलोच्या आसपास जातं. आरसीसीवाले फरशीचा भार सहसा चौरस मीटरला १ ते १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १०० ते १५० किलो धरतात, म्हणजे तुम्ही अगदी काठावर आहात. वर दगड घालायचा तर आधी डिझाइनरला विचारा, नाहीतर वर पातळ माल घ्या.

---

भीमथडी

सोलापूरचा आहे, मामाकडचा धंदा फरशीचा होता, म्हणून चार ओळी.

महाराष्ट्रभर काळा पाषाण पसरलाय तरी फरशी बाहेरून का आणावी लागते, हे आधी बघा. आपला बेसॉल्ट लाव्हारसाचा. त्याला थर नाहीत. छिन्नीने फोडला तर तो मनाला येईल तसा फुटतो, पाटी निघत नाही. त्यामुळे पाथरवटांनी त्याची मंदिरं, किल्ले, जाती-पाटे घडवले, पण सपाट पातळ फरशीसाठी थरांचा दगड लागतो. तो सोलापूरच्या पुढे भीमेच्या खोऱ्यात सुरू होतो. कलबुर्गी सोडलं की मद्रास लाइनवर शहाबाद येतं, पुढे वाडी जंक्शन, आणि त्याच पट्ट्यात तेलंगणाच्या बाजूला तांदूर. सगळा चुनखडीचा प्रदेश. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, आजचं मळखेड, ते याच पट्ट्यात. आज तिथे सिमेंटचे कारखाने धूर काढताना दिसतात, कारण दगड तोच. रेल्वे आली आणि शहाबादी पुण्या-मुंबईच्या वाड्या-चाळींत शिरली.

तर पारख. हा थराचा दगड आहे म्हटल्यावर त्याचं बळ आणि त्याचा दोष दोन्ही थरातच. लादी उभी धरून कड बघायची. कड एकसंध दिसली पाहिजे. कडेला पापुद्रे सुटल्यासारख्या बारीक रेघा असतील तर ती लादी दोन-चार पावसाळ्यांत पोपडे काढते. मग लादी एका टोकाला हलकी धरून टिचकी किंवा नाणं मारायचं. खणखणीत वाजली तर घ्या, बद्द वाजली तर आत चीर आहे. आमच्याकडे जुने लोक डोळ्याऐवजी कानानेच माल निवडायचे.

अजून एक युक्ती आहे जी वखारवाल्याला आवडत नाही. लादीवर पाणी ओता आणि वाळू द्या. पृष्ठभाग वाळतो पण चीर ओली राहते, काळी रेघ उमटून दिसते. पॉलिश केलेल्या मालात डोळ्याला न दिसणारी चीरसुद्धा यात सापडते.

तांदूर आणि शहाबाद भावंडंच. तांदूरमध्ये पिवळाही मिळतो, दिसायला छान, आत बैठकीत चालतो. कोटा मात्र वेगळ्या घरचा, राजस्थानात रामगंज मंडीच्या बाजूचा, हिरवट-निळा किंवा तपकिरी. घट्ट असतो, झिजत नाही लवकर. रेल्वेचे फलाट, शाळा, दवाखाने कशाने भरलेत ते बघा म्हणजे कळेल.

---

सुलभाताई

भीमथडी, छान माहिती. वाचनखूण साठवली.

धोमकाठ, स्वयंपाकघराचं माझ्याकडून ऐका. कडप्प्याचा ओटा करू नका. करायचाच तर फडताळात, मांडणीला करा, तिथे तो उत्तम. कडप्पाही चुनखडीच आहे, काळी. चुनखडीला आंबट सोसत नाही. आमच्या जुन्या ओट्यावर आमसुलाच्या साराचं पातेलं जिथे ठेवलं जायचं तिथे पांढुरकी वर्तुळं पडली होती. लिंबू, चिंच, कैरीचं लोणचं भरताना सांडलेला खार, सगळ्यांचे ठसे. हळदीचा डाग तरी उन्हाने उडतो, आंबटाचा डाग म्हणजे डागच नसतो, दगडच तिथे खाल्ला गेलेला असतो. पुसून जाणार कुठे?

दुकानात खात्री करायची असेल तर पॉलिश केलेल्या तुकड्यावर लिंबाचा थेंब टाकून गप्पा मारत बसा, थोड्या वेळाने पुसा. तिथली चमक गेली तर तो ओट्याला नको. ग्रॅनाइटला काही होत नाही.

पण ग्रॅनाइटमध्येही गंमत असते. काळाभोर ग्रॅनाइट पाहिजे म्हटलं की करडा दगड काळा रंगवून समोर ठेवणारे आहेत. पर्समध्ये नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन ठेवायचं, कापसावर घेऊन कोपऱ्यात घासायचं. कापूस काळा झाला की उठायचं. दुकानदार काय म्हणतो ते ऐकायला थांबायचं नाही.

---

धोमकाठ

सुलभाताई, ॲसिटोनची युक्ती भारी. ओट्याला ग्रॅनाइट नक्की. भीमथडी, कालच्या एका वखारीत टिचकी मारायला गेलो तर मालक म्हणाला "साहेब, कलिंगड आहे का?"

संगमरवराबद्दल कोणी सांगेल का? सगळे मकराना, मकराना करतात.

---

ओळंबा

मकराना हे राजस्थानातलं खाणींचं गाव, ताजमहाल आणि कोलकात्याचं व्हिक्टोरिया मेमोरियल तिथल्या दगडाचं. २०१९ साली आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिकांच्या संघटनेने त्याला जागतिक वारशाच्या दगडांत घेतलं. त्यामुळे आता प्रत्येक पांढरी लादी मकरान्याचीच असते! प्रत्यक्षात बाजारात पांढरा दगड राजसमंद, अंबाजी आणि इतर कितीतरी ठिकाणांहून येतो, आणि त्यातला बराचसा वापरायला वाईटही नसतो. फक्त मकरान्याच्या भावात घेऊ नये. किशनगडच्या बाजारात तर देशभराचा आणि परदेशाचाही माल एकत्र मिळतो. (अवांतर : तिथे कटाईतून निघालेल्या पांढऱ्या गाळाचे डोंगर झालेत आणि लोक त्यावर लग्नाआधीचे फोटो काढायला जातात. बर्फात उभे असल्यासारखे दिसतात.)

"इटालियन" शब्दालाही भुलू नका. आपल्याकडे तुर्कस्तान, स्पेन, इराण, जिथून येईल तो आयात संगमरवर इटालियन म्हणून खपतो. त्याच्या पाठीला बहुधा जाळी चिकटवलेली असते आणि वरून रेझिन (चिकट राळ) भरलेलं असतं. तो दगडच तडकणारा असल्याने जाळी ही तिथे गरज आहे, लबाडी नव्हे. पण साध्या देशी संगमरवराच्या पाठीला जाळी दिसली तर विचारा, का? कणखर माल असता तर लागली नसती. तिरक्या उजेडात धरून बघा, भरलेल्या जागा आरशातल्या ओरखड्यासारख्या वेगळ्या चमकतात.

भारतीय मानक आयएस ११३० संगमरवरासाठी आहे. त्यात २४ तास पाण्यात ठेवल्यावर वजनाने ०.४ टक्क्यापेक्षा जास्त पाणी शोषू नये आणि कठीणपणा मोहच्या मापाने (खनिजांच्या कठीणपणाची १ ते १० ची पट्टी) किमान ३ असावा असं आहे. मोठा माल घेणाऱ्याने प्रयोगशाळेचा अहवाल मागावा. देवघराएवढ्या मालासाठी कोणी देणार नाही. तुम्ही पाठीमागच्या, बिनपॉलिश बाजूवर पाण्याचे थेंब टाका. लगेच पिऊन काळपट पडला तर तूप-तेल-कुंकवाच्या खोलीत तो नको.

बसवताना पांढऱ्या संगमरवराखाली पांढरं सिमेंट. करड्या सिमेंटचा रस वर चढतो आणि पांढरा दगड कायमचा मळकट होतो. हिरवा संगमरवर कोणी गळ्यात मारत असेल तर एक लक्षात ठेवा : उदयपूरकडच्या ऋषभदेवचा तो हिरवा दगड सर्पेंटाइन आहे, खरा संगमरवर नाही. ओल लागली की लादी वाकते, कोपरे उचलतात. त्याला पाण्याचा गिलावा नको, इपॉक्सीच (रासायनिक चिकटद्रव्य) लागतो. हे न सांगता विकणारा विक्रेता एक तर अडाणी किंवा बेफिकीर.

---

गौरी_ठाणे

आमचा अनुभव लिहिते. वखारीचं नाव लिहीत नाही, इथे तसं चालत नाही आणि त्याने काही होतही नाही.

ठाण्यात बिनपॉलिश कोटा घेतला. वखारीत टेबलावर जो नमुना होता तो सुंदर निळसर, पॉलिश केलेला. आलेल्या ट्रकमध्ये निळसर, हिरवट आणि चक्क तपकिरी माल मिसळलेला होता. फोन केला तर उत्तर आलं, "मॅडम, नैसर्गिक दगड आहे, थोडाफार फरक येणारच." ही ढाल प्रत्येकाकडे तयार असते. नैसर्गिक दगडात छटा बदलते हे खरंच आहे, पण एका खाणीच्या एका थरातला माल आणि तीन वेगळ्या ढिगांची खिचडी यात फरक असतो, आणि तो फरक त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतो. पैसे पूर्ण दिलेले होते, मग कोण ऐकतंय.

दुसऱ्या मजल्यासाठी घेताना नवऱ्याने वेगळी पद्धत केली. नमुन्यावरून खरेदी करायची नाही, ढिगावरून करायची. वखारीत जो ढीग आवडला त्याच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या लाद्या काढायला लावल्या. मधल्या काढायला सांगितल्यावर एकाने तोंड वाकडं केलं, तिथून निघालो. जिथे घेतला तिथे ढिगातल्या बऱ्याच लाद्यांच्या पाठीवर तेलखडूने आपली खूण केली, फोटो काढले, एक लादी सोबत घरी आणली आणि तिच्या पाठीवर मालकाची सही घेतली. बिलावर जाडी, माप, "पसंत केलेल्या ढिगातूनच" एवढे शब्द. थोडी रक्कम आगाऊ, मोठा हप्ता माल घरी मोजून उतरल्यावर, आणि उरलेले तुटक्या लाद्या बदलून दिल्यावर. यावर जो हो म्हणाला तो सगळ्यात स्वस्त नव्हता.

---

नाठाळ

म्हणजे मुलगी बघायला जाण्यापेक्षा जास्त चौकशी. मी व्हिट्रिफाइडच्या खोक्यावरचा बॅच नंबर बघतो आणि घरी येतो.

गंभीरपणे : तुम्ही कोणी हे लिहीत नाही की उत्तम दगडही मिस्त्री वाया घालवतो. माझ्या काकांच्या घरात मिस्त्रीने शेवटच्या दिवशी सिमेंटचे शिंतोडे काढायला संडासातलं ॲसिड ओतलं. कोट्याची सगळी चमक एका दुपारीत गेली.

---

ओळंबा

नाठाळ पहिल्यांदा मुद्द्याचं बोलले.

ॲसिडला कामावर बंदी करा, बाटली दिसली तरी फेकून द्या. कोटा, शहाबाद, कडप्पा, संगमरवर, सगळे चुनखडीचे वंशज आहेत, ॲसिडने फेसाळतात. मिस्त्रीला ग्रॅनाइट आणि कोटा यातला हा फरक अनेकदा माहीत नसतो.

बसवण्याचं बाकीचं थोडक्यात. पाठीची जाडी कमीजास्त असणारा दगड जाड गिलाव्याच्या थरावरच बसतो. चिकटद्रव्यावर लावायचा असेल तर जाडी यंत्राने सारखी केलेला, कॅलिब्रेटेड म्हणतात तो माल घ्या. लादीच्या चार कोपऱ्यांवर चार ढेकळं ठेवून वरून लादी दाबणारा मिस्त्री नको, मधली पोकळी नंतर वाजते आणि जड कपाट सरकवताना तिथेच लादी फुटते. बसवल्यावर दुसऱ्या दिवशी काठीने ठोकत संपूर्ण खोली फिरा, पोकळ वाजेल ती लादी तेव्हाच उचलायला लावा. पॉलिशची घाई नको. खालचा माल पुरता सुकण्याआधी यंत्र फिरवलं तर लाद्या हलतात. पॉलिशवाल्याला भरड दगडापासून बारीक दगडापर्यंत सगळे नंबर क्रमाने फिरवायला लावा. मधला एक नंबर गाळला की वरून मेण लावून चमक दिसते आणि सणावाराला पुसलं की ओरखडे वर येतात.

---

कातळकोकण

रत्नागिरीहून. वाईला पाऊस आमच्याएवढा नसला तरी अंगणाचं सांगतो.

बाहेर गुळगुळीत काही घालू नका हो. इकडे आषाढात चिऱ्याच्या पायरीवरसुद्धा शेवाळ धरतं, मग पॉलिशच्या कोट्याचं काय होईल? जाड शहाबादी, वरचा नैसर्गिक खडबडीत थर तसाच ठेवलेली, नाहीतर फ्लेम केलेला, म्हणजे ज्वाळेने खडबडीत केलेला ग्रॅनाइट. उतार द्या, पाणी साचलं नाही पाहिजे. सांधे रुंद ठेवून भरा.

दुसरं म्हणजे लोणा. जमिनीतून ओल वर चढते, येताना क्षार घेऊन येते, दगडाच्या पृष्ठावर पांढरी पावडर सुटते. लोक दगडाला शिव्या देतात, दोष बहुतेक खालच्या भरावाचा. जोत्यात ओल अडवणारा थर नसेल तर कोणत्याही वखारीचा माल लोणा धरणार. भरावात खाडीची वाळू वापरली असेल तर विचारूच नका. आणि ओल असताना वरून सीलर (दगडाची छिद्रं बुजवणारं द्रव) फासू नका, आत कोंडते. फरशी पूर्ण कोरडी झाल्यावर आत मुरणारा सीलर लावा, वर साय धरणारा नको.

---

टेम्स_काठी

इंग्लंडमधून लिहीत आहे. इथल्या परसदारांत राजस्थानचा वालुकाश्म सर्रास दिसतो, त्याला "राज ग्रीन", "कांडला ग्रे" अशी नावं आहेत. इथले जाणते ग्राहक नमुना कोरडा आणि ओला, दोन्ही अवस्थांत बघतात, कारण वर्षातला बराच काळ तो ओलाच असतो. करड्या दगडात लोहाचे कण असतील तर काही महिन्यांत गंजाचे तपकिरी ठिपके येतात, म्हणून नमुना आठवडाभर बाहेर पावसात ठेवतात. धोमकाठना जमण्यासारखं आहे, गच्चीत ठेवून रोज पाणी मारा.

आणखी एक गोष्ट इथे विचारली जाते आणि आपल्याकडे कमी : हा दगड कोणी फोडला? बुंदी जिल्ह्यातल्या बुधपुऱ्याकडे दगडाचे चौकोनी ठोकळे घडवण्यात लहान मुलं असल्याचं बाहेर आल्यावर इथल्या विक्रेत्यांवर दबाव आला. वालुकाश्मात सिलिकाचं प्रमाण मोठं असतं, त्याच्या धुळीने खाणकामगारांना सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार होतो. राजस्थान सरकारने २०१९ मध्ये या आजारासाठी खास धोरण केलं. तुमच्या कामापुरतं एवढं तरी करता येईल की साइटवर कटर पाणी मारूनच चालवायला लावा आणि कापणाऱ्या पोराला चांगला मास्क द्या. ग्रॅनाइट कोरडा कापताना उडणारी पांढरी धूळ तीच असते.

---

भीमथडी

टेम्स_काठी, बरं झालं लिहिलंत. मामाच्या वखारीतली बरीच माणसं खोकतच असायची, तेव्हा कोणी नाव दिलं नव्हतं त्याला.

मालाला थेट खाणीवर जायचं का, असं व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) दोघातिघांनी विचारलंय, इथेच सांगतो. ११०० फुटांसाठी शहाबादला किंवा किशनगडला जाण्यात राम नाही. भाडं ट्रकभर मालाचं पडतं, तुमचा माल अर्धा ट्रकही नाही. वाटेत लाद्या फुटल्या तर बदलून कोण देणार? गावातल्या तीन-चार घरांनी मिळून एकदम मागवला तर गोष्ट वेगळी. कोल्हापूर-सांगलीकडच्यांना इलकलचा लाल ग्रॅनाइट जवळ पडतो, वापी-पालघरच्या बाजूला असाल तर संगमरवरासाठी सिल्वासाचा बाजार बघण्यासारखा आहे. बाकीच्यांनी जवळच्या वखारीतच घ्यावा.

वखार कशी ओळखायची? मी आधी तिचं छप्पर बघतो. माल उभा, लाकडाच्या ओंडक्यांना टेकवून, थोडासा कलता ठेवलाय की जमिनीवर आडवा रचलाय? आडव्या ढिगातला खालचा माल तडकलेला असतो. पांढऱ्या संगमरवराला लोखंडी पट्टी बांधून पावसात ठेवलंय का? मग गंज उतरलेला असणार. दुसरं, मालकाला खाण कुठली ते विचारायचं. "राजस्थानचा आहे" एवढंच उत्तर देणारा नुसता दलाल. तिसरं, त्याच्याकडून सहा-सात वर्षांपूर्वी माल घेतलेलं एखादं घर दाखवायला सांगायचं. नवीन घर कोणीही दाखवेल. खरेदी पक्क्या बिलावरच, जीएसटी वाचवायच्या नादात कच्ची पावती घेतली तर नंतर भांडायला हातात काही उरत नाही.

---

सुलभाताई

आणि लाद्या जास्तीच्या घ्या हो! कापण्यात, फुटण्यात जातात त्या वेगळ्या, शिवाय एक गठ्ठा माडीवर ठेवून द्या. पुढे नळाच्या पाइपसाठी फरशी फोडावी लागली की तीच छटा परत मिळत नाही, ती खाणच त्या थरातून पुढे गेलेली असते.

---

धोमकाठ

सगळ्यांचे खूप आभार. आतापर्यंत झालेलं सांगतो.

आत कोटा, २५ मिलिमीटर, यंत्रकट. अंगणात आणि मोरीत जाड खडबडीत शहाबाद. ओट्याला ग्रॅनाइट, देवघरात पांढरा, "मकराना" म्हणून नाही तर जो आहे तो म्हणून, जाळीशिवायचा. वरच्या खोल्यांबद्दल डिझाइनरने पातळ मालच घाला म्हणून सांगितलं, ओळंबा यांचा अंदाज बरोबर निघाला.

तीन वखारींत गौरी यांच्या अटी मांडल्या. एकाने बिलावर जाडी लिहायला साफ नकार दिला, "मग आम्ही धंदा कसा करायचा" म्हणाला. दुसरा सगळ्याला हो म्हणाला पण ढीग उलटू देईना. तिसऱ्याने स्वतःच पाणी आणून लाद्यांवर ओतलं आणि चीर असलेल्या बाजूला काढल्या. त्याचा दर मधला आहे. टिचकी मारली तरी कलिंगड काढलं नाही.

जिन्याला काय? मिस्त्री दोन तुकडे जोडून पायरी करू म्हणतोय.

---

ओळंबा

जोड नको. पायरीला पूर्ण लांबीचा एकच तुकडा घ्या, जोडाच्या जागी कड आधी उडते. पुढची कड अर्धगोल करून घ्या, धारदार ठेवू नका. कडेपासून दोन इंचांवर दोन-तीन खाचा पाडायला सांगा, आईंच्या पायाला पकड मिळेल. पायऱ्यांचा माल वेगळा निवडा, ढिगातल्या सर्वांत घट्ट आणि सरळ लाद्या, कारण जिन्यावर झीज एकाच जागी होते.

---

प्रशासक

कृपया वखारींची नावं आणि फोन नंबर धाग्यावर देऊ नयेत. आलेले दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. हवं असल्यास व्यनि करावा.

---

गौरी_ठाणे

धोमकाठ, तिसऱ्याकडून तुटीबद्दल लिहून घेतलंत का? ट्रक आल्यावर हमाल भराभर उतरवतात, तुटकी लादी मधोमध सरकवतात. उतरवताना एक माणूस फक्त मोजायला आणि वाजवायला उभा ठेवा, चलनावर तुटलेल्यांचा आकडा तिथल्या तिथे लिहा आणि ड्रायव्हरची सही घ्या. ट्रक निघून गेल्यावर फोनवर काही होत नाही.

---

धोमकाठ

लिहून घेतलंय. माल पुढच्या आठवड्यात येतोय, खूण केलेल्या लाद्यांचे फोटो मिस्त्रीच्या फोनवरही पाठवलेत. मोजायला आई बसणार आहे म्हणते.

---

नाठाळ

मग ड्रायव्हरची कीव येते. पॉलिश झाल्यावर फोटो टाका. आणि त्या पॉलिशवाल्याचा नंबर मला व्यनि करा, काकांच्या घरचा तो कोटा अजून तसाच पडलाय.